काहीही न करणारी ओळ

आत्या माझी सख्खी आत्या नाही. चष्म्याच्या काचा घासणाऱ्या एका कारखान्यात ती सगळ्यांचीच आत्या आहे. मालकही तिला आत्या म्हणतात, आणि मालक तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे आहेत.

आमची ओळख संगणकाच्या वर्गात झाली. रविवारी सकाळी वर्ग असायचा. मी साहित्यात एम.ए. होऊन दीड वर्ष घरी होते. बाबा म्हणाले, "अर्जांना उत्तरं येतील असं काहीतरी शीक." म्हणून जावास्क्रिप्ट. शेजारच्या खुर्चीवर अठ्ठावन्न वर्षांची एक बाई. तिच्या वहीला खाकी कव्हर होतं आणि विषयाच्या जागी लिहिलेलं होतं : बघू.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, "फंक्शन म्हणजे काय, कोण सांगेल?"



आत्या म्हणाली, "एक माणूस. त्याच्याकडे ट्रे येतो. तो आपलं काम करतो. ट्रे पुढे देतो."

सर म्हणाले, "आणि पुढच्याने काय केलं, ते त्याला कळायला हवं का?"

"कशाला? नसत्या चौकशा."

मी सहा वर्षं व्याख्या पाठ केल्या होत्या. इतकी सरळ एकही नव्हती.

मी तिला तुम्ही म्हणायचे. दुसऱ्या रविवारी तिने मला अडवलं. "तू तुम्ही म्हणालीस की वाटतं, माझ्या मागे आणखी कोणीतरी उभं आहे. तू म्हण गं."

पुढे मी तिच्या कारखान्यात जायला लागले. लांबलचक हॉल, एका बाजूला खिडक्या. मधून लोखंडी रुळांची पट्टी, आणि तिच्यावरून झाकणाचे ट्रे सरकत जातात. पट्टीच्या कडेने आठ कारागीर बसतात. पहिल्या टोकाला, गिऱ्हाइकाच्या खिडकीशी, आत्या. शेवटच्या टोकाला तयार चष्मे देणारी वहिनी. तिची खिडकी इमारतीच्या दुसऱ्या बाजूला उघडते.

प्रत्येक ट्रेच्या कडेला एक चिठ्ठी खोचलेली असते. कुठली कामं करायची आणि कुठल्या क्रमाने, ते त्या चिठ्ठीवर. घासणे, पॉलिश, धुणे, रंग, लेप, काठ कापणे, फ्रेममध्ये बसवणे. क्रम चुकला की संपलं. लेप आधी दिला तर रंग काचेला लागत नाही, हाताला लागतो. एकतीस वर्षं आत्याने या चिठ्ठ्या हाताने लिहिल्या.

मग मालकांनी तिच्यापुढे संगणक आणून ठेवला. त्यातला विकतचा प्रोग्राम एका चिठ्ठीसाठी सव्वीस प्रश्न विचारायचा.

"त्यातले चोवीस माणसाचा अपमान करणारे होते," आत्या सांगते. "गिऱ्हाइकाला डोळे किती, असंसुद्धा विचारायचा."

म्हणून तिने ठरवलं, आपला प्रोग्राम आपण लिहायचा. म्हणून तो वर्ग.

तिचा पहिला प्रोग्राम म्हणजे सहाशे ओळींचं एकच फंक्शन होतं. एका ठिकाणी हात लावला की तिसरीकडे बिघडायचं.

"आमच्या मास्तरांसारखं झालं होतं," ती मला म्हणाली. मास्तर म्हणजे घासणीच्या यंत्रावरचे सगळ्यात जुने कारागीर. "सगळं एकट्याने करणार, आणि मधे कोणी बोललं की सगळंच बंद."

"ऐकू येतंय मला," मास्तर यंत्रावरून म्हणाले.

"यावं म्हणूनच बोलतेय."

तिने त्या सहाशे ओळींचे तुकडे केले. एका कामाला एक फंक्शन. घासणीचं वेगळं, रंगाचं वेगळं. प्रत्येक जण एक वस्तू घेणार आणि एक वस्तू देणार. आता तुकडे झाले, पण ते जोडायचे कसे? त्या जोडणीसाठी तिने आणखी एक चिमुकला प्रोग्राम लिहिला. तोच पुढे वेगळा काढला. ती तिची लायब्ररी, म्हणजे कोणालाही आपल्या प्रोग्रामला जोडता येईल असा तयार तुकडा. अवघ्या त्रेचाळीस ओळींची.

त्यात लोकांनी वापरायची अशी तीन फंक्शनं होती. पहिलं 'ओव'. त्याला कामांची यादी दिली की ते ती एका धाग्यात ओवून देतं. धाग्याच्या एका टोकाने वस्तू आत घालायची, दुसऱ्या टोकाला तयार घ्यायची. दुसरं 'उलटओव'. तेच, पण शेवटापासून सुरुवातीकडे. गणितवाले तसं लिहितात. "त्यांच्यासाठी ठेवलंय," आत्या म्हणाली. "असतात बिचारे." तिसरं 'डोकाव'. मधेच कुठेतरी ट्रेत डोकावून बघायचं, काही बदलायचं नाही, पुढे जाऊ द्यायचं.

ही लायब्ररी तिने इंटरनेटवर ठेवली. कोणीही घ्या, कोणीही वापरा. सोबतची माहितीपुस्तिका मी लिहायची असं ठरलं. माझ्या पदवीचा तो पहिला उपयोग.

सहा महिन्यांत अकरा जणांनी ईमेलने पत्रं पाठवून कळवलं की आम्ही ही वापरतो. बियाणं तपासणारी एक प्रयोगशाळा होती. गायनवृंदाच्या तालमींचं वेळापत्रक लावणारे एक आजोबा होते. आत्या प्रत्येकाला उत्तर लिहायची, आणि पत्राच्या शेवटी तब्येत विचारायची.

तिचे यजमान टपाल खात्यातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अकरा पत्रं! मी पस्तीस वर्षं वाटली. मला एक आलं नाही."

"तुम्ही काही बनवलंत का लोकांसाठी?"

"तुझा चहा."

"तो एकटी मीच पिते. तेही पत्र न लिहिता."

नवीन काही लिहिलं की आधी ती यजमानांना समजावून सांगते. ते मटार सोलत ऐकतात. सोलणं थांबलं तर फंक्शन अवघड झालंय, असा तिचा हिशेब. मग ती परत लिहायला बसते. संगणकाच्या जगात अशी चाचणी कोणी घेत असेल असं मला वाटत नाही. पण अकरा जणांपैकी एकानेही आजवर "समजलं नाही" असं लिहिलेलं नाही.

आता माझी करामत.

एका सोमवारी संध्याकाळी मी पुस्तिका सुधारायला तिच्या घरी गेले होते. मी कोड वाचते तो गद्यासारखा. वाचता वाचता एका ओळीवर अडले. तिथे एक छोटं फंक्शन होतं. नाव 'जैसेथे'.

"हे काय करतं?"

"जे आलं ते तसंच परत देतं."

"म्हणजे काहीच करत नाही?"

"काही नाही."

"मग आहे कशाला?"

आत्या विचारात पडली. "लिहिताना हाताला वाटलं, इथे हवं. म्हणून लिहिलं."

काही न करणारं वाक्य कापावं, हे मला सहा वर्षं शिकवलेलं. मी ते मोठ्या ठामपणे सांगितलं. आम्ही ती ओळ काढली. अठरा चाचण्या होत्या, त्या चालवल्या. अठराच्या अठरा पास. लायब्ररी बेचाळीस ओळींची झाली आणि दिसायलाही देखणी.

आत्याने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "शिकलेलं माणूस ते शिकलेलं माणूस."

यजमान म्हणाले, "मला ती ओळ आवडायची. तेवढी एकच पूर्ण समजली होती."

आम्ही दोघी हसलो. मंगळवारी नवी आवृत्ती इंटरनेटवर गेली. कारखान्यातही बसली.

बुधवारी सकाळी आत्याच्या खिडकीशी एक बस ड्रायव्हर आला. धिप्पाड माणूस, आवाजही तसाच. चष्मा काढून त्याने तिच्या हातात दिला.

"आज चारला डोळ्यांची तपासणी आहे. नंबर बरोबर आहे ना, काच सैल नाही ना, एवढं बघून ठेवा. तीनला नेतो."

"इतकी काळजी?"

"उद्या नव्या मार्गाची पहिली फेरी आहे. माझ्या हातात दिलीय. गाडी आमच्या घरासमोरून जाते. आई दोन दिवसांपासून सज्ज्यात खुर्ची टाकून बसलीय, तालीम म्हणून. आज तपासणी हुकली तर फेरी दुसऱ्याला. आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी."

"आणि आता बिनचष्म्याचे घरी कसे जाणार?"

"भाऊ आलाय स्कूटर घेऊन. तो चालवतो आणि मी मागे बसून चुका काढतो. काही दिसत नसलं तरी."

तो गेला. आत्याने चष्मा यंत्राखाली धरला. नंबर अचूक. स्क्रू घट्ट. काचेवर ओरखडा नाही. करण्यासारखं काहीच नव्हतं. तिने संगणकात नोंद केली, कामांची जागा रिकामी सोडली. चष्मा ट्रेत ठेवला, झाकण लावलं, ट्रे पट्टीवर ठेवला. चिठ्ठी छापून आली की खोचायची. तेवढ्यात खिडकीशी तीन गिऱ्हाइकं एकदम आली. ती त्यांच्याशी बोलत असताना ट्रे हळूहळू पुढे सरकला.

त्याची चिठ्ठी छापलीच गेली नाही.

मी दोनला पोहोचले. तीन वाजता ड्रायव्हर दुसऱ्या बाजूच्या खिडकीवर आला. वहिनीने चिठ्ठ्या चाळल्या. त्याची नव्हती. ट्रे चाळले. त्याचा नव्हता. ती त्याला घेऊन सगळा हॉल पार करून आत्याकडे आली.

आत्याने संगणक उघडला. नोंद होती, चिठ्ठी नव्हती. खाली एका बारीक ओळीत संगणकाने कारण लिहून ठेवलं होतं : कामांची यादी रिकामी. ओवायला काही नाही.

मी तिच्या खांद्यावरून ते वाचलं.

यादीत एक जरी काम असलं तरी 'ओव' त्याच्यापासून सुरुवात करतं. एकही नसलं तर सुरुवात कुठून करणार? त्यासाठीच 'जैसेथे' धाग्याच्या टोकाशी उभं असायचं. काही करायचं नसेल तर आलेली वस्तू तशीच पुढे द्यायचं. ते मी काढून टाकलं होतं. त्यामुळे संगणक अडला. आणि एका चिठ्ठीवर अडलास तर बाकीच्यांना थांबवू नको, तेवढी सोडून पुढे जा, असं आम्हीच त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने तेच केलं.

"माझा चष्मा?" ड्रायव्हर म्हणाला.

"हॉलमध्येच आहे," आत्या म्हणाली. "चूक माझी आहे."

"माझी आहे," मी म्हणाले. "मी ओळ काढायला लावली."

ड्रायव्हरने आमच्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "दोघींची धरा. पण चष्मा एकच आहे हो. साडेतीनला निघालो नाही तर पोहोचत नाही."

तीन वाजून नऊ मिनिटं झाली होती. हॉलमध्ये दोनशे चाळीस ट्रे. सगळे करडे, सगळे सारखे.

"सगळी झाकणं उघडा!" मास्तर ओरडले.

"नको," आत्या म्हणाली. "उघडले की चिठ्ठ्या पडतील, मग दोनशे चाळीस चष्मे शोधावे लागतील. डोकावत जाऊ."

ती पट्टीच्या कडेने चालायला लागली. मी आणि ड्रायव्हर मागे. प्रत्येकाला ती दोनच गोष्टी विचारत होती : तुझ्याकडे काय आलं, आणि तुझ्याकडून काय गेलं. कोड बिघडला की ती असंच करते, हे मला माहीत होतं. माणसांवर करताना पहिल्यांदाच पाहिलं.

"चिठ्ठी नसलेला ट्रे आला होता?"

"आला होता की," मास्तर म्हणाले. "सकाळीच. पुढे ढकलला."

"उघडलात?"

"उघडू कसा? चिठ्ठी नसलेला ट्रे उघडायचा नाही, हा नियम कोणी केला?"

नियम आत्यानेच केलेला. फार पूर्वी कोणीतरी बिनचिठ्ठीचा ट्रे उघडून एका प्राध्यापकांच्या तयार काचा पुन्हा घासल्या होत्या. तेव्हापासून.

पॉलिशवाला म्हणाला, "आला होता. ढकलला."

रंगवाली म्हणाली, "हलवूनसुद्धा पाहिला नाही, आत्या. शप्पथ."

"गुणाची गं माझी."

आठ जणांच्या हातून ट्रे गेला होता. आठही जणांनी नियम पाळला होता, आणि ते सांगताना प्रत्येकाची मान ताठ होती. ड्रायव्हर माझ्या कानाशी म्हणाला, "इतकी शिस्त आमच्या डेपोत असती तर!" त्याला हसू येत होतं. मला रडू येत होतं.

शेवटी वहिनी. तिने कपाळावर हात मारला. "तो होय! चिठ्ठी नाही म्हणजे रिकामा. रिकामे ट्रे मी धुवायला पाठवते."

मग आत्या पळाली. अठ्ठावन्न वर्षांची आत्या, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा वाजवत. तिच्यामागे मी, माझ्यामागे ड्रायव्हर, त्याच्यामागे यंत्र बंद करून मास्तर.

मागच्या खोलीत मोठं टाकं आहे. कोमट पाणी, साबण. ट्रे धुणारे काका मन लावून ट्रे बुडवत होते. ते कमी बोलतात आणि कमी ऐकतात. आत्याने काही विचारायच्या आधी मला दिसलं. खिडकीच्या कट्ट्यावर मऊ फडकं घडी घालून ठेवलेलं. त्यावर चष्मा. काचा वर, दांड्या मिटलेल्या. उन्हात नुसता लखलखत होता.

"काका, हा?"

"ट्रेत होता. म्हटलं, धुवायलाच पाठवलाय. धुतला."

"अहो मग सांगायचं नाही का?"

"विचारलं कोणी?"

ड्रायव्हरने चष्मा डोळ्यांवर चढवला. खिडकीतून लांब पाहिलं. गल्लीच्या टोकाला एक पाटी होती. मला ती नीट दिसतही नव्हती. त्याने ती खणखणीत आवाजात वाचली, "इथे वाहने उभी करू नयेत." मग खाली पाहिलं. "आणि आमच्या बंधूंनी स्कूटर नेमकी तिथेच लावलीय!"

टाक्याच्या खोलीत एवढं हसणं पूर्वी कधी झालं नसेल. तीन वाजून सव्वीस मिनिटांनी ते दोघे निघाले. धाकटा पुढे, थोरला मागे. थोरला आता दिसत असतानाही चुका काढत होता.

आत्या परत जागेवर येऊन बसली. पाणी प्यायली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"चल," ती म्हणाली. "अकरा जणांच्या घरी हीच चूक गेलीय."

ओळ परत घातली. एकोणिसावी चाचणी लिहिली : यादी रिकामी असेल तर काय? तिला नाव दिलं 'चष्मा'. नवी आवृत्ती इंटरनेटवर गेली. मग मी पत्रं लिहिली आणि ती सांगत गेली. "कालची आवृत्ती वापरू नका. त्यात काहीही न करणारी ओळ राहून गेली होती. ती आता घातली आहे. तसदीबद्दल क्षमस्व. तब्येत कशी आहे?"

"काहीही न करणारी असं लिहू? लोक हसतील."

"हसू देत. कळेल तरी."

बियाणांच्या प्रयोगशाळेचं उत्तर वीस मिनिटांत आलं. मंगळवारी आम्ही कशालाच हात लावत नाही, बुधवारी बदलणार होतो, तेवढ्यात तुमचं पत्र आलं. गायनवृंदाच्या आजोबांनी फक्त तब्येतीचंच उत्तर पाठवलं. गुडघा बरा होता.

मास्तर यंत्रावरून म्हणाले, "आत्या, आठ जणांच्या हातून गेला आणि एक ओरखडा नाही. जसा आला तसा बाहेर. तुमची ती ओळ आज आम्ही चालवली म्हणायची."

"आणि वर धुऊन दिलात. माझी ओळ धुवत नाही हो."

मी तिला विचारलं, "तुला राग नाही आला माझा?"

"तू प्रश्न बरोबर विचारलास. ही ओळ कशाला आहे, असा. उत्तर शोधायचं सोडून आपण ती कापली. त्यात मीही होते." मग म्हणाली, "तुझ्या पुस्तकांमधली वाक्यं कापताना तरी विचारतात का गं कोणी?"



पाचला दहा मिनिटं असताना वहिनीच्या टोकाकडचा फोन वाजला. तिने ऐकलं आणि रिसीव्हर हातात धरूनच ओरडली, "पास!"

मास्तरांनी यंत्र बंद केलं. मग पॉलिशचं बंद झालं. हॉलमध्ये सगळी यंत्रं एकदम शांत झालेली मी पहिल्यांदाच ऐकली. मग टाळ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं त्या पहिल्या फेरीला गेलो. आत्या, यजमान आणि मी. कुठे जायचं होतं असं नाही. बस नवी कोरी होती, सीटांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. ड्रायव्हरने आम्हाला आरशात पाहिलं आणि फक्त मान हलवली. नोकरीवर होता.

चौथ्या थांब्यानंतर त्याची गल्ली आली. दुसऱ्या मजल्यावर सज्जा भरून माणसं होती. पुढे खुर्चीत एक म्हातारी. बस दिसताच ती खुर्चीवरून उठली आणि कठड्यावरून वाकून ओरडली, "बबड्या! सावकाश रे!"

सगळी बस हसली. बबड्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. नजर समोर. त्याने वर पाहिलं नाही.

म्हणून आत्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याच्या वतीने जोरजोरात हलवला. म्हातारीनेही तिला दोन्ही हात केले. त्या दोघींनी एकमेकींना आधी कधीच पाहिलेलं नव्हतं.